उचलून पाहिलेली गाडी

आमच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं ते माझ्या नोकरीसाठी. गाड्या बघायला सुरुवात झाली त्या पहिल्याच रविवारी घरातले सगळे ही गोष्ट विसरले, आणि पुढे ती माझ्याशिवाय कुणालाच आठवली नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही सानपाड्याला राहायचो. मी पावण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होते. रंगाची प्रत्येक बॅच ठरलेल्या छटेशी जुळते की नाही हे तपासायचं आणि सही करायची, हे माझं काम. दिवसभर निळ्या-जांभळ्या बोटांनी वावरावं लागे, पण माझ्या सहीशिवाय एकही पिंप कंपनीच्या फाटकाबाहेर जात नसे. घरात माझ्या सहीवाचून कुणाचं काही अडत नव्हतं, त्यामुळे मला तिथल्या सहीचं जरा जास्तच अप्रूप होतं.

मग कंपनीनं आमची बस बंद केली. रिक्षावाल्यांना पावणे म्हटलं की ते मीटरला हातही न लावता मान हलवायचे. "उधर से खाली आना पडता है, मॅडम." टँकर आणि ट्रक यांच्या मधून चालत जायचं म्हटलं तर पोचेपर्यंत मीच एखाद्या पिंपातून काढल्यासारखी दिसायचे. रोज उशीर व्हायला लागला. एके दिवशी साहेबांनी मला बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "काहीतरी सोय करा. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल." आमच्या साहेबांनी चहा दिला म्हणजे बोलणं पक्कं असायचं.

मी आधीच वाशीच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकून लायसन्स काढलं होतं. नवऱ्याला गाडी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. त्याला ट्रॅफिकचं टेन्शन यायचं. म्हणजे गाडी माझ्यासाठी, चालवणारी मी आणि कर्ज माझ्या पगारावर. यात तपासण्यासारखं काय होतं? मला त्या गाडीत बसून ती नीट चालवता येते का, एवढंच. नेमकं तेवढं सोडून आमच्या घरानं सगळं तपासलं.

घर म्हणजे आम्ही पाच माणसं. नवरा, मी, माझा धाकटा दीर, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मामंजी म्हणजे सासरे. मामंजी मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी पाठीवर पोती वाहायला मुंबईला आले आणि बाजार वाशीला हलला तेव्हा बाजारामागोमाग तेही खाडी ओलांडून आले. आता ते कांदा-बटाटा मार्केटात एका टोळीचे मुकादम होते. म्हणजे पोती वाहायची आणि वर वाहणाऱ्यांवर ओरडायचंही. मार्केटात त्यांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा म्हणतात. मला मात्र तो कधी ऐकायला मिळाला नाही, कारण ते माझ्याशी बोलायचेच नाहीत.

यात राग वगैरे काही नव्हता. त्यांच्या गावाकडे सासऱ्यानं सुनेशी तोंडावर बोलायची रीतच नव्हती. मला काही सांगायचं असलं की ते आत्याबाईंना सांगायचे आणि आत्याबाई जागेवर नसल्या तर पंख्याकडे बघून बोलायचे. "तिला म्हनावं, च्या हुईल का?" मी समोरच उभी असायचे, चहाचं भांडं हातात घेऊन. आत्याबाई मला म्हणायच्या, "ह्ये इचारत्यात, च्या हुईल का?" मी आत्याबाईंना म्हणायचे, "उकळतोय." त्या तिकडे वळून म्हणायच्या, "उकळतुया." हाताच्या अंतरावर आमचं हे टपाल वर्षानुवर्षं चाललं होतं. लग्नाला इतका काळ लोटला, पण त्या भल्या माणसानं माझ्याकडे बघून एक शब्द उच्चारलेला नव्हता.

तर गाडी. तोवर छोटी गाडी म्हटली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच यायची, आणि ती अर्ध्या सानपाड्याकडे होती. त्या सुमारास मात्र नव्या छोट्या गाड्यांचं पीकच आलं. एक उंच होती, आत फेटा बांधून बसता येईल एवढी. दुसरी डिझेलवर चालणारी, ऐसपैस आणि जड. त्यात आमची ती जुनी ओळखीची धरली की झाल्या तीन. एवढ्याशा तीन गाड्यांतून एक निवडायला आमच्या घराला जेवढी चर्चा लागली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. तेव्हा तर एकाच बैठकीत सुपारी फुटली होती.

धाकटा दीर घरातला तज्ज्ञ. तो गाड्यांची इंग्रजी मासिकं आणायचा आणि जेवताना वाट्या मांडून आम्हाला समजवायचा. आमटीची वाटी ही उंच गाडी, भाजीची ही डिझेलची, आणि चटणीची ती जुनी. मग पिकअप, ग्राउंड क्लिअरन्स, टॉर्क. "टॉर्क म्हंजी काय रं?" असं आत्याबाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते इंजिनात असतं." आत्याबाईंचं समाधान झालं. स्वतः त्यानं तोवर स्कूटरशिवाय काही चालवलेलं नव्हतं, पण मासिकात तसं कुठे विचारत नाहीत.

नवऱ्याचा सगळा जीव रीसेलमध्ये. गाडी अजून घेतलेली नाही, पण पाच-सात वर्षांनी ती विकताना तिला काय येईल याची चिंता त्याला रात्रंदिवस. पांढरा रंग घेतला तर विकताना बरा पडतो. सीटवरचं प्लास्टिक काढलं नाही तर विकताना बरं पडतं. मी म्हटलं, "मग आपण तीत बसायचं कधी?" तर म्हणाला, "तू ना, प्रत्येक गोष्ट मस्करीवर नेतेस." लग्न ठरवतानाच काडीमोडाचा हिशेब करणाऱ्या माणसाशी अजून कसं बोलायचं?

पहिल्या रविवारी आम्ही वाशीच्या एका शोरूममध्ये उंच गाडी बघायला गेलो. टाय लावलेल्या सेल्समननं सगळी माहिती नवऱ्याला दिली. नवरा त्यातलं अवाक्षर न कळता "हं, हं" करत होता. मी एक प्रश्न विचारला, क्लच जड आहे का. सेल्समननं उत्तर नवऱ्याला दिलं. आमच्या घरचं टपाल बाहेरही चालतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग चक्कर मारायची ठरली. सेल्समननं किल्ली नवऱ्यापुढे केली. नवऱ्यानं ती चटका बसल्यासारखी परत केली. मी म्हटलं, "मी चालवून बघते." सेल्समन गोड हसून म्हणाला, "मॅडम, इन्शुरन्सचा इश्यू होतो." आणि पुढच्या सीटच्या वरची, टपाला लागून असलेली एक झडप खाली ओढून त्यानं नवऱ्याला दाखवलं, "साहेब, मॅडमसाठी इथे आरसा दिलाय." मी त्या आरशात माझं तोंड बघितलं. रागानं लाल झालं होतं. आरसा मात्र उत्तम होता, त्याबद्दल तक्रार नाही.

तो स्वतः चालवायला बसला. पुढे दीर, मागे आम्ही. आत्याबाईंना मागच्या सीटवर मांडी घालून बसता येतं का ते बघायचं होतं. त्यांची गाडी तपासायची ती एकच कसोटी. गावच्या जत्रेला साताऱ्यापर्यंत पाय लोंबकळत कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतही होतं. मांडी बसली. त्या खूश झाल्या. वाशीचा अख्खा सेक्टर फिरून आम्ही परत आलो, दार उघडलं, आणि आत्याबाई पाय खाली सोडून तशाच बसून राहिल्या.

"उतरा की," मी म्हटलं.

"चपला कुटं गेल्या?"

चपला शोरूमच्या दाराशी, फूटपाथवर होत्या. एवढ्या नव्या कोऱ्या गाडीत चपला घालून कसं चढायचं, म्हणून त्यांनी चढायच्या आधी त्या काढून नीट जोडीनं बाजूला ठेवल्या होत्या. शोरूमच्या वॉचमननं त्या कुणा गिऱ्हाइकाच्या समजून आत काचेच्या टेबलाजवळ नेऊन ठेवल्या होत्या. सेल्समन त्या हातात घेऊन आला. त्या एवढ्या एका क्षणी मला तो माणूस थोडासा आवडला.

मामंजी या कशातच नव्हते. ते शोरूममध्ये आले नाहीत, वाट्यांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. एका संध्याकाळी पंख्याला एवढंच म्हणाले, "गाडी घरी आनाया सांगा. ऐतवारी. टोळी बगंल."

टोळी म्हणजे त्यांच्या हाताखालचे गडी. सगळे त्यांच्याच गावाकडचे, बहुतेक भावकीतले. मार्केटला सुट्टी असली की ते आमच्याकडे मटणाच्या जेवणाला यायचे. त्या रविवारी दुसऱ्या एका शोरूमचा सेल्समन ती जुनी ओळखीची गाडी घेऊन आमच्या सोसायटीत आला. मी त्याला वर चहाला बोलावलं. टोळी खालीच राहिली.

ही माणसं आयुष्यभर ट्रक भरत आणि उतरवत आलेली. गाडी म्हणजे जिच्यात माल भरतात ती, अशी त्यांची साधी समजूत. त्यांनी वाकून खाली स्प्रिंगचे पाटे शोधले, ट्रकला असतात तसे. ते मिळाले नाहीत. "पाटंच न्हाईत," एकजण म्हणाला. सगळे गंभीर झाले. मग एकेकानं मागून दाबून पाहिलं. गाडी प्रत्येक वेळी मुकाट्यानं खाली बसली आणि वर आली. मामंजी कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी मान डोलावली. चौघांनी मागच्या बंपरखाली हात घातले.

मी गॅलरीतून बघत होते. चहाचा कप सेल्समनच्या हातात होता. गाडीची मागची दोन्ही चाकं आरामात जमिनीवरून उचलली गेली आणि गडी ती तशीच धरून मामंजींकडे बघत उभे राहिले, पुढे काय करायचं या अपेक्षेनं. सेल्समनच्या बशीत चहा सांडला. तो गॅलरीतून ओरडला, "अहो काका, गाडी आहे ती!"

"म्हनूनच बगतोय," खालून उत्तर आलं.

गाडी खाली ठेवली गेली. मामंजी वर आले, हात धुतले, आणि निकाल दिला. "जी गाडी मानसं उचलत्यात, ती मानसांस्नी काय उचलनार?"

माझ्या तज्ज्ञ दिरानं मासिक मिटून ठेवलं.

पुढच्या रविवारी उंच गाडी आली. तीही उचलली गेली. तिचा तो टायवाला सेल्समन चहाला वर आलाच नाही, गाडीचा हँडब्रेक ओढून तिच्यापाशीच उभा राहिला. त्याच्या त्या हँडब्रेकचा उचलणाऱ्यांवर काही परिणाम झाला नाही. त्यानंतरच्या रविवारी डिझेलची आली. तिला हात घालताना गड्यांनी आधी कमरेचे टॉवेल घट्ट केले. "हय्या" झालं, दुसऱ्यांदा "हय्या" झालं, गाडी जेमतेम हलली आणि धपकन बसली. एकाचा चेहरा लालबुंद झाला. मामंजींच्या चेहऱ्यावर मात्र त्या महिन्यात पहिल्यांदा हसू दिसलं.

"ह्ये वझं हाय," ते म्हणाले.

मग काय विचारता. दिरानं लगेच शास्त्र शोधून काढलं. वजन म्हणजे रोड ग्रिप, बाबा अगदी बरोबर आहेत. नवरा म्हणाला, डिझेलला रीसेल चांगला येणार. आत्याबाईंची मांडी तिच्यात अगदी प्रशस्त बसली. जिथे दोन माणसं भाजी कुठली करायची यावर एकमत करत नाहीत, त्या घराचं एका गाडीवर एकमत झालं.

टोळी आणि सेल्समन बंपरपाशी हुज्जत घालत होते तेवढ्यात मी मात्र तिच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसून घेतलं होतं. मी उंचीनं बेताची. क्लच पूर्ण दाबायचा तर एवढं खाली सरकावं लागत होतं की समोर फक्त आभाळ दिसत होतं. वर सरकून बसलं तर रस्ता दिसायचा, पण मग पाय पोचायचा नाही. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवायला दोन्ही हात आणि एक खांदा लागला. आमच्या सोसायटीचं फाटक ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल, तिथून रोज सकाळी मागे घेत गाडी काढायची म्हणजे काय.

मी जेवताना हे सांगितलं. नवरा म्हणाला, "होईल सवय." दीर म्हणाला, "वहिनी, टेन्शन नका घेऊ. मी आता शिकतोच आहे. रविवारी सगळ्यांना मी नेईन."

"आणि सोमवारी?" मी विचारलं.

"सोमवारी काय?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. कुणालाच आठवत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते गिळताना माझा रागही वर आला. मामंजी नेहमीप्रमाणे पंख्याखाली बसले होते. मी ताट बाजूला सारलं आणि त्यांच्याच पद्धतीनं पंख्याकडे बघून बोलायला सुरुवात केली.

"म्हणावं, गाडी जत्रेसाठी नाही, माझ्या नोकरीसाठी घेतोय. म्हणावं, रोज सकाळी ती मला चालवायचीय, टोळीला उचलायची नाही. माझा पाय जिच्यात पोचत नाही ती गाडी नव्हे, पलंग आहे. म्हणावं, पलंग घरात आहे एक."

आत्याबाईंनी हे टपाल पोचवलं नाही. त्या तोंडात पदर धरून बसल्या होत्या; हसत होत्या की घाबरल्या होत्या ते कळलं नाही.

मग मामंजी बोलले. पंख्याशीच. "तिला म्हनावं, मार्केटम्होरनं रोज किती ट्रकं जात्यात त्ये मी बगतो. हलकी गाडी पाल्यावानी उडती. बायमानूस एकली. वाटंत अडली तर कोन काढनार?"

तोवर मला वाटत होतं की त्यांना पोत्यांशिवाय दुसरं काही कळत नाही. त्या वाक्यानंतर माझा राग थोडा गोंधळला. पण गोंधळलेल्या रागानंही पाय क्लचला पोचत नाही. कर्जाचा अर्ज माझ्या सहीचा होता, आणि मी त्यावर ती जुनी, हलकी, सगळ्यात आधी उचललेली गाडी लिहून सही करून टाकली. घरात माझ्या सहीवाचून काहीतरी अडलं, ते तेवढं एकदाच.

मामंजींनी आत्याबाईंच्या तोंडून अट घातली. "तिला म्हनावं, घे. पन एकदा जरी वाटंत अडकली, तर किल्ली धाकल्याकडं." दीर लगेच शिकायच्या मागे लागला. गाडी यायच्या आधीच तो माझ्या अडकण्याची वाट बघायला लागला होता. आपुलकीनंच, पण बघत होता.

गाडी आली. सोसायटीच्या आवारात पूजा झाली, हळद-कुंकू, हार, चाकांखाली लिंबं. फोटोसाठी नवरा स्टेअरिंगवर बसला, नवऱ्यानंतर दीर बसला, दिरानंतर आत्याबाईसुद्धा बसल्या, चपला काढून. फोटो झाले. मग लिंबांवरून गाडी नेणार कोण, असा प्रश्न आला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी पदर खोचला, आत बसले, आणि लिंबं चिरडली. एक निसटून गटारात गेलं. आत्याबाईंच्या कपाळावर आठी पडली. मामंजी फाटकाशी उभे होते. नवरा म्हणाला, "बाबा, बसा की, मार्केटपर्यंत चक्कर मारू." मामंजी म्हणाले, "मी चालत जातो." आणि गेलेही.

त्यानंतर मी रोज गाडीनं पावण्याला जायला लागले. वेळेवर. साहेबांनी चहा द्यायचं बंद केलं, यापेक्षा चांगली बातमी ती काय. रिक्षावाल्यांच्या शेजारून जाताना मी उगाचच हॉर्न वाजवायचे.

एका सकाळी मार्केटच्या बाजूच्या रस्त्यावर कांद्याचा एक ट्रक चुकीच्या बाजूनं समोर आला. मी डावीकडे घेतलं. डावीकडे गटारावरची फरशी नव्हती. ती कुणीतरी चहाच्या टपरीला ओटा म्हणून नेली होती. पुढचं डावं चाक गटारात गेलं आणि गाडी तिरकी होऊन बसली. मला काही लागलं नाही. ट्रकवाला "सॉरी, बहनजी" म्हणून निघून गेला.

एवढ्यात गर्दी झाली. मागे ट्रक उभे राहिले, त्यामागे टेम्पो, सगळे हॉर्न वाजवायला लागले. काचेतून सल्ले येत होते. "मॅडम, रिवर्स मारा." "रिवर्स नको, एक्सल जाईल." "लेडीज आहे, म्हणून." एकजण प्रेमानं म्हणाला, "ताई, तुम्ही आधी उतरून बाजूला उभ्या राहा. घरून जेन्ट्स कुणीतरी बोलवा." मला ऐकू येत होतं ते एवढंच की अडकली, अडकली. मी मनात किल्ली दिराच्या हातात देऊनही टाकली. नोकरी सोडल्याचं साहेबांना कसं सांगायचं, त्याचं वाक्यसुद्धा तयार झालं. मी दाराचा खटका ओढला.

तेवढ्यात तो आवाज आला. मार्केटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो म्हणतात तो. "बाजूला व्हा रं!"

मामंजी आले होते, मागे टोळी. डोक्याला टॉवेल, खांद्याला पोती ओढायचे आकडे. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग गटाराकडे, मग माझ्या दाराशी येऊन वाकले. आजूबाजूला पंखा नव्हता, आत्याबाई नव्हत्या. त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"लागलं का कुटं?"

मी नाही म्हणून मान हलवली. कुणीतरी मागून म्हणालं, "मुकादम, पहिलं बाईंना खाली उतरवा, वजन कमी होईल."

"उतरू नगंस," मामंजी मला म्हणाले. "बस तू. तुज्यासकट उचलतो. चाक सरळ धर."

मी दार लावून घेतलं आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं. "हय्या" झालं. मी गाडीसकट वर गेले, एवढ्या गर्दीसमोर, आणि अलगद, एखादं अंड्यांचं खोकं ठेवावं तशी, रस्त्यावर ठेवली गेले. गड्यांनी हात झटकले. मला रडू येत होतं आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही.

मामंजींनी गाडीच्या टपावर थाप मारली. "जा आता. कामाला यळ हुतोय."

मी गेले. उशीर झालाच, पण साहेबांनी त्या दिवशी घड्याळाकडे पाहिलं नाही, किंवा मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली होती. दीर वाटच बघत होता. "वहिनी, काही झालं नाही हे बरं झालं. पण बाबा, अट होती ना? एकदा जरी अडकली तर..."

"अडकली कुटं?" मामंजी म्हणाले. "हलकी हाय. उचलली आन् ठिवली. ती तुजी डिझलची असती तर आजून तितंच असती."

या मुद्द्यावर दिराच्या मासिकात काही आलेलं नसावं. मग मामंजींनी सवयीनं पंख्याकडे मान वळवली. "तिला म्हनावं, उद्या..."

"आता तुमीच सांगा की," आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सकाळी समद्या मार्केटम्होरं बोललासा न्हवं? का आता पुन्यांदा माजंच टपाल?"

मामंजींची मान पंख्यावरून खाली आली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण शब्द अगदी हळू निघाले.

"उद्या मलाबी मार्केटपत्तुर सोडशील का?"

"सोडते की, मामंजी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुढे, माझ्या शेजारी बसले. मांडीवर हात, पाठ ताठ, नजर समोर. फाटकातून गाडी काढताना मी डावीकडे बघितलं, तर त्यांचे पाय अनवाणी होते. चपला मात्र त्यांनी फूटपाथवर ठेवल्या नव्हत्या. मार्केट येईपर्यंत दोन्ही हातांत घट्ट धरून बसले होते.